पाश्कच्या घरची गार कॉफी

शाळेत मुलं मला पाठीमागे 'फरकबाई' म्हणतात. मला ते माहीत आहे. मास्तरांना सगळं ऐकू येतं, फक्त आलं नाही असं दाखवावं लागतं. डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या श्कोदर शहरात मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि माझा एकच हट्ट आहे. सारखे वाटणारे शब्द सारखे नसतात. 'मिस्टेक' म्हणजे चूक. ती वहीतही होते आणि खोडताही येते. 'फॉल्ट' म्हणजे दोष, आणि तो कुणाच्या तरी नावावर असतो. 'रिग्रेट' म्हणजे घडलं त्याचं वाईट वाटणं. शेजाऱ्याची गाय मेली तरी आपल्याला वाईट वाटतं. पण 'अपोलोजाइज' म्हणजे ती गाय माझ्यामुळे मेली आणि आता मी तुझ्या दारात उभी आहे. हे दोन जो एकमेकांच्या जागी लिहील त्याचे दोन मार्क मी लाल शाईनं कापते. कुणी रडलं तरी कापते.

हा हट्ट एक दिवस माझ्याच माहेरी येऊन मला जाब विचारील असं काही वाटलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ झेफ वर डोंगरात पाहुणेघर चालवतो. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी त्याचा फोन आला.

"ताई, रविवारी ये. एलवुडलाही घेऊन ये. दुभाषी हवाय."

"का? तू तर पाहुण्यांशी फाडफाड इंग्रजी बोलतोस. मला कशाला विचारतोस?"

"टोमणे नंतर मार. पाश्कचा न्दुए सोमवारी येतोय."

मी टोमणे तिथंच आवरले.

एलवुड हा झेफचा इंग्रज पाहुणा. बासष्ट वर्षांचा, विधुर, अबोल. चार वर्षं दर उन्हाळ्यात यायचा आणि डोंगर चढायचा. सप्टेंबरात एका सकाळी भाड्याची गाडी घेऊन तो खाली उतरत होता. गिरणीजवळच्या वळणावर पाश्कची बायको मारा पाठीवर गवताचा भारा घेऊन चालली होती. गाडीनं तिला उडवलं. दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. पोलीस यायला चार तास लागले, आमचा रस्ताच तसा आहे. त्यांनी एलवुडचा पासपोर्ट काढून घेतला आणि खटला उभा राहिला. तेव्हापासून तो श्कोदरमध्ये एका खोलीत बसून होता.

सरकारचं जे काय व्हायचं ते होईल. पण आमच्या खोऱ्यात सरकारच्या आधीपासून एक नियम आहे. पाहुणा तुमच्या दारातून निघाला की दुसऱ्याच्या दारात पोचेपर्यंत तो तुमचाच. त्याला कुणी मारलं तर सूड तुम्ही घ्यायचा आणि त्यानं कुणाला मारलं तर जबाब तुम्ही द्यायचा. एलवुड झेफच्या दारातून निघाला होता आणि कुठंच पोचला नव्हता.

पाश्कच्या घरानं चाळीस दिवसांत झेफला एक शिवीही दिली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याचा थोरला मुलगा न्दुए इटलीत गवंडीकाम करतो. आईच्या मातीला आला, गेला, आणि आता फोनवर म्हणाला होता, "सोमवारी येतोय. झेफशी मीच बोलेन." आमच्याकडे या 'बोलेन'चा अर्थ लहान पोरालाही कळतो. माझ्या आईचा मामा असल्याच एका 'बोलण्या'पायी नऊ वर्षं खिडक्या लावून घरात बसला होता. दाराबाहेर पडला त्या दिवशीच गोळी खाऊन गेला.

म्हणून जे करायचं ते रविवारीच करायला हवं होतं.

एलवुड बसमध्ये माझ्याशेजारी बसला. तीन तासांत तीन वाक्यं बोलला. वर पोचायच्या आधी त्यानं खिशातून एक कागद काढला. लंडनच्या त्याच्या वकिलानं चार ओळी लिहून पाठवल्या होत्या. एवढंच वाचायचं, एकही शब्द जास्त बोलायचा नाही अशी ताकीद होती. मी वाचला. दुःखद अपघात, श्रीमती मारा, कुटुंबाच्या शोकात सहभागी, आणि मधोमध 'रिग्रेट'.

"यात माफी कुठं आहे?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "वकील म्हणतो, माफी मागितली तर कोर्टात दोष कबूल केल्यासारखं होईल. मग काही वर्षं इथल्या तुरुंगात." त्यानं कागदाची घडी घातली. "तो त्याच्या कामात हुशार आहे."

हुशार तर होताच. असा नेमका शब्द निवडणारा माणूस माझ्या वर्गात असता तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. रागानं माझी कानशिलं तापली, पण बोलू काय? मी स्वतः हाच फरक सव्वीस वर्षं शिकवत आले होते.

झेफच्या घरी आमचे पाद्री दोम निकोल आणि खोऱ्यातले जुने जाणते म्हिलआजोबा येऊन बसले होते. मध्यस्थी हेच दोघं करणार होते. वहिनीनं चीज, भाकरी, ऑलिव्ह मांडलं. एकच गोष्ट नव्हती. आमच्या घरी पाहुणा सकाळी आला तरी पहिल्यांदा राकीची, म्हणजे घरच्या कडक दारूची, बाटली टेबलावर येते, मग बाकीचं. वडिलांच्या वेळेपासूनची ती कोनाड्यातली जागा आज रिकामी होती. दोम निकोलनाही कुणी 'घ्या थोडी' म्हटलं नाही. माझ्या नजरेत ते आलं आणि मी गप्प बसले.

निघायच्या आधी झेफनं मला कोंबड्यांच्या खुराड्यामागं ओढलं. दाढी वाढलेली, डोळे तांबरलेले.

"ताई, त्याला काय वाचायचं ते वाचू दे. तू 'माफी मागतो' म्हण."

"कागदावर तसं नाहीये."

"कागद कुणाला वाचता येतोय? पाश्कला? म्हिलआजोबांना? त्या खोलीत तू म्हणशील तेच इंग्रजी."

"झेफ, या दोन शब्दांत फरक—"

"फरक, फरक! पोरांचे मार्क काप आयुष्यभर. आज भावाची मान कापू नकोस."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "त्या सकाळी काही झालं होतं का रे?"

"काय व्हायचंय?" म्हणाला आणि गाडी काढायला गेला.

पाश्कच्या घरी आम्हाला पुरुषांच्या बैठकीत बसवलं. एरवी तिथं बाईला जागा नसते. पण दुभाष्याला बाई-पुरुष काही नसतं, नळीसारखं असतं ते. एकीकडून ओतायचं, दुसरीकडून यायचं. पाश्क शेगडीजवळ बसला होता. सत्तरी उलटलेला, अंगानं वाळलेला माणूस, सदरा नीट इस्त्री केलेला. इस्त्री आता कोण करत असेल, असं उगाच माझ्या मनात आलं.

पाश्कची धाकटी सून कॉफी घेऊन आली. मी तिला ओळखलं. दिएला! आठ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. लग्न होऊन वर डोंगरात गेली एवढं ऐकलं होतं, पण कुठल्या घरात ते मी विचारलंच नव्हतं. या पोरीनं परीक्षेत 'अपोलोजाइज'च्या जागी 'रिग्रेट' लिहिलं होतं, मी दोन मार्क कापले होते आणि ती सगळ्या वर्गासमोर रडत भांडली होती. "बाई, दोन्हीत वाईटच वाटतं ना?" मी म्हटलं होतं, "वाईट वाटायला काय लागतं? माफी मागायला पाय लागतात, दारापर्यंत चालत जावं लागतं."

तिनं प्रत्येकासमोर कप ठेवला. माझ्यासमोर ठेवताना हलकेच म्हणाली, "बऱ्या आहात ना बाई?" आणि दाराशी जाऊन ट्रे छातीशी धरून उभी राहिली.

कपाला कुणी हात लावला नाही.

"पाश्क," म्हिलआजोबा म्हणाले, "तुझ्या कॉफीला नाव ठेवायला आलो नाही. पण ज्या माफीसाठी आलो ती तू दिल्याशिवाय आम्ही कप उचलणार नाही."

"मग गार होऊ दे," पाश्क म्हणाला. "मला कुठं जायची घाई नाही."

दोम निकोल दहा मिनिटं बोलले. देवाबद्दल, खोऱ्याबद्दल, न्दुएच्या लहान मुलांबद्दल. पाश्क ऐकत होता. कॉफीवरचा फेस विरायला लागला. झेफ मान खाली घालून एलवुडच्या मागं बसला होता, जणू त्या इंग्रजाच्या पाठीएवढाच त्याला आडोसा होता.

शेवटी पाश्क म्हणाला, "तुम्ही नका बोलू. ज्यानं गाडी चालवली त्याला बोलू दे."

एलवुड उभा राहिला. कागद उघडला. आवाज सरळ होता. त्यानं चार ओळी वाचल्या आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं.

तो शब्द माझ्या जिभेवर होता. त्याला वाईट वाटतं. एवढंच म्हणायचं होतं. पण समोर झेफ होता. लहानपणी त्याला ताप आला की मी रात्रभर त्याच्या उशाशी बसायचे, तोच झेफ. मला माझाच आवाज ऐकू आला.

"तो म्हणतो, जे झालं त्याबद्दल मी मान खाली घालून तुमची माफी मागतो."

पाश्कनं कागदाकडे बघितलं. "माफी कागदावर लिहून आणलीय?"

"परका माणूस आहे काका. घाबरलाय."

"हं." मग दाराकडे वळला. "दिएला, तू या बाईंच्याच हाताखाली शिकलीस ना? सांग. माफी म्हणाला तो?"

दिएलानं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. का कळणार नाही? तो फरक मीच तर लाल शाईनं तिच्या डोक्यात भरला होता. आता ती खरं बोलली तर माझ्या भावाचं काय होईल तेही तिला कळत होतं, कारण न्दुए तिचा थोरला दीर.

"हो बाबा," ती म्हणाली. "माफीच म्हणाला."

सव्वीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी खोटं बोलले ते भावासाठी. पण या पोरीला, जिला मी एका शब्दासाठी वर्गात रडवलं होतं, तिला सासऱ्यासमोर खोटं बोलायला लावलं.

पाश्कचा हात कपाकडे सरकला. घरधन्यानं कप उचलला की माफी दिली असं धरतात. झेफनं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

तेवढ्यात एलवुडनं माझ्या बाहीला हात लावला. "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?" तो हळू विचारत होता. "ते कप उचलतायत. त्याचा अर्थ तुम्हीच मला बसमध्ये सांगितला होता. पण मी तर अजून काही मागितलंच नाही."

मी नजर चुकवली. त्याला ते उत्तर पुरलं.

त्यानं कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि पाश्ककडे बघून बोलायला लागला. लहान मुलांशी बोलावं तशी छोटी छोटी वाक्यं. त्यातला एक शब्द भाषांतराशिवाय सगळ्यांना कळला. राकी.

पाश्कचा हात कपावरच थांबला. "राकी म्हणाला तो."

"ताई," झेफ पुटपुटला.

एलवुड माझ्याकडे वळला. "नेमकं सांगा," तो म्हणाला. "मिस्टेक नाही, फॉल्ट. तुम्ही शिक्षिका आहात."

कोनाड्यातली रिकामी जागा डोळ्यांपुढून हलेना. आता जे मी बोलणार होते ते झेफच्या गळ्याभोवती पडणार होतं, आणि पाडणारी मी होते. पण एकदा खोटं बोलून मी काय मिळवलं होतं ते दाराशी ट्रे धरून उभं होतं.

"काका," मी म्हटलं, "आधी मी खोटं बोलले. कागदावर माफी नव्हती, नुसतं वाईट वाटतं असं होतं. माफी मी घातली. दिएला माझी लाज राखायला हो म्हणाली, तिला काही बोलू नका. आता सांगते ते मात्र शब्दाला शब्द त्याचं आहे." मी एलवुडकडे बघितलं, म्हणजे झेफकडे बघावं लागू नये. "तो म्हणतो, ही चूक नव्हती, हा माझा दोष आहे. त्या सकाळी मी राकीचे दोन ग्लास प्यालो होतो. मला ती बाई दिसली होती. ब्रेक उशिरा लागला. मी तुमची माफी मागतो. कोर्टातही हेच सांगणार आहे, वकील काहीही म्हणो."

दोम निकोलनी डोळे मिटले. शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज आला.

"कुणाच्या घरची राकी?" पाश्कनं विचारलं.

मी ते इंग्रजीत केलं. एलवुडनं मान हलवली. "त्यांना सांगा, प्यालो मी. कुणी माझं तोंड उघडून ओतली नव्हती."

तेही मी सांगितलं. पाश्कनं त्या परक्या माणसाकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "चाळीस दिवसांत या खोलीत पहिलं खरं बोलला तो. जा, तुला दिली." आणि कप उचलून तो ती गार कॉफी गाळापर्यंत प्याला.

दोम निकोलनी क्रूस केला. म्हिलआजोबांनी कप उचलला, एलवुडनं उचलला, मी उचलला. झेफनंही उचलला.

"तू थांब," पाश्क म्हणाला.

झेफचा कप हवेतच राहिला.

"त्याला दुभाषी लागला, तरी तो बोलला. तुझी-माझी भाषा एकच आहे. चाळीस दिवस झाले, झेफ."

"काका, मला फार वाईट वाटतं—"

"ते मला तीनशे माणसं सांगून गेली. वाईट वाटायला काय लागतं?"

दाराशी दिएलाची मान वर झाली. माझंच वाक्य होतं ते. बहुतेक तिच्यापर्यंत माझ्याकडून आणि पाश्कपर्यंत कुणा आजीकडून आलं असेल. असली वाक्यं कुणा एकाची नसतात.

झेफनं माझ्याकडे बघितलं. शाळेत असताना अडला की असाच बघायचा, आणि मी ओठांनी उत्तर सांगायचे. आताही शब्द माझ्या ओठांवर होता. मी ओठ मिटले. जन्मात पहिल्यांदा मी त्याला उत्तर सांगितलं नाही.

त्यानं कप खाली ठेवला. उभा राहिला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"पहिला ग्लास रिवाज म्हणून दिला," तो म्हणाला. "दुसरा तो नको म्हणत होता. ग्लासावर हात ठेवला होता त्यानं. मीच त्याचा हात बाजूला केला. म्हटलं, पाहुणा काय एकच ग्लास घेऊन, एका पायावर घराबाहेर पडतो का? हसत ओतला. त्याला गाडी चालवायचीय हे मला माहीत होतं काका. नंतर पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, फक्त कॉफी. बाटली मी ओढ्यात फेकली. माराकाकू माझ्या पाहुण्यांसाठी चीज आणून द्यायची. वळणावर ती माझ्यामुळे पडली. मी माफी मागतो. तुमच्या दारात उभा राहून मागतो."

या खोऱ्यात दुसरा ग्लास न ओतलेला एकही यजमान नाही, स्वतः पाश्कही नाही, आणि तो हे जाणून होता असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण तसं म्हणून त्यानं झेफला सोडवलं नाही. बायको गेली होती ती त्याची.

"दिएला," तो शेवटी म्हणाला, "झेफचा कप गार झालाय. नवी करून आण."

नवा कप आला. झेफनं तो दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडलीच.

"उद्या न्दुए अकराच्या बसनं उतरेल," पाश्क म्हणाला. "त्याला आणायला तू जा. मी पाठवलंय म्हणून सांग. आणि इथं जे बोललास ते त्याला गाडीत सगळं सांग. दुसऱ्या ग्लासासकट."

झेफनं मान हलवली.

निघताना दिएला अंगणापर्यंत आली. "बाई, माझे किती मार्क कापणार?" तिनं हळूच विचारलं. मी तिला जवळ घेतलं.

गाडीजवळ झेफ किल्ली हातात घेऊन नुसताच उभा होता.

"ताई, उद्या माझ्याबरोबर येशील? स्टँडवर?"

मला यायचं होतं. त्याचा हात धरून जावं असं फार वाटत होतं.

"नाही," मी म्हटलं. "तिथं दुभाषी लागत नाही."